वॉरंटी 3 वर्षांची, पण मॅग व्हीलचं काय?

जुलै 2024 मध्ये मारुती सुझुकीने नव्या गाड्यांची स्टँडर्ड वॉरंटी 2 वर्षे किंवा 40,000 किलोमीटरवरून थेट 3 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरवर नेली. जाहिरातीत हे आकडे छान दिसतात आणि त्याचा फायदाही खरा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स यांची चिंता एक वर्ष पुढे गेली. पण मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या वॉरंटी बुकलेट्सच्या पीडीएफ उघडून 'यात काय येत नाही' हे पान वाचत बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या पानावरचा आकडा मोठा झाला, तरी या पानावरची यादी काही लहान झालेली नाही. आणि या यादीत अगदी अलगद अडकणारी वस्तू म्हणजे अलॉय व्हील, आपल्या भाषेत मॅग व्हील.

मिड व्हेरिएंटऐवजी टॉप व्हेरिएंट घेताना सनरूफ आणि टचस्क्रीनइतकाच मॅग व्हीलचाही मोह असतो. दोन पावसाळे गेले की त्याच व्हीलवर कडेला पांढरट डाग, बारीक फुगे, सुटलेले पापुद्रे दिसायला लागतात. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, हे वॉरंटीत येत नाही."

खरंच येत नाही का? आधी व्हीलला होतं काय ते बघू, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

अ‍ॅल्युमिनियम गंजतं का?

लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, एवढंच. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा एक पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मिठातला क्लोराइड नेमका हा थर फोडतो. म्हणून व्हीलवर प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. दगड उडून क्लिअर कोटला टवका गेला किंवा कडेला कोट मुळातच पातळ बसला असेल, तर पाणी आणि मीठ आत शिरतं आणि कोटच्या खालून धाग्यांसारख्या रेषा पसरत जातात. त्याला फिलिफॉर्म करोजन म्हणतात. त्याला दमट हवा लागते. रत्नागिरी, मालवण, पणजी किंवा वर्सोव्याला राहणाऱ्यांकडे ती फुकट आहे.

डायमंड कट व्हील्सचं प्रकरण जास्त नाजूक. लेथवर पुढचा भाग कापून चकाकी काढलेली असते, त्यामुळे त्या भागावर रंग नसतो, फक्त क्लिअर कोट असतो. दिसायला सगळ्यात भारी आणि आपल्या किनारपट्टीवर टिकायला सगळ्यात कच्चं. (सेल्समन हे सांगत नाही, तो "ड्युअल टोन" एवढंच म्हणतो.)

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोट बाहेरच्या माराने फुटला असेल, म्हणजे फुटपाथला घासणं, दगड, किंवा वॉशिंग सेंटरवाल्याने मारलेलं अ‍ॅसिडवालं क्लीनर, तर कंपनीकडे मागणं अवघड आहे. पण कुठलाही ओरखडा नसताना चारही व्हील्सवर, एकाच जागी, सारख्याच पद्धतीने कोट सुटत असेल, तर तो कोटिंगच्या प्रोसेसमधला दोष असण्याची शक्यता बरीच वाढते. फुटपाथ काही चारही चाकांना एकाच जागी घासत नाही. हा फरक फोटोत दिसतो आणि केस यावर उभी राहते किंवा पडते.

तिसरा प्रकार खरा धोक्याचा. टायर ट्यूबलेस असेल तर हवा टायर आणि रिमच्या कडेच्या घट्ट पकडीवर टिकते. ती कड आतून खरबरीत झाली की हवा हळूहळू निघते. माझ्या मामाच्या गाडीत हेच झालं. मामा मालवणला असतो, गाडी अडीच वर्षांची. मागच्या डाव्या चाकाची हवा दर दहा दिवसांनी पाच-सहा पीएसआयने खाली. पंक्चरवाल्याने दोनदा टायर पाण्यात बुडवून बघितला, पंक्चर नाही. तिसऱ्या वेळी टायर उतरवला तेव्हा रिमच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी दिसली. शोरूमने जॉब कार्डवर लिहिलं, 'टायर प्रॉब्लेम, टायर कंपनीकडे पाठवा.' टायर कंपनीचा माणूस म्हणाला, टायर ठीक आहे. म्हणजे दोघांच्या मधे मामा, आणि एक्स्प्रेस वेवर 100 च्या स्पीडला कमी हवेचं चाक.

बुकलेटमध्ये नक्की काय लिहिलेलं असतं

साधारण अर्थ असा: साहित्य किंवा कारागिरीतला दोष असेल तर पार्ट दुरुस्त करू किंवा बदलून देऊ; पण हवेतलं मीठ, औद्योगिक धूर, अ‍ॅसिड रेन, पक्ष्यांची विष्ठा, चुकीची साफसफाई यांनी झालेलं नुकसान यात नाही. काही ठिकाणी गंजाची वेगळी वॉरंटी असते, पण ती बहुतेक वेळा बॉडीच्या पत्र्याला आतून बाहेर आरपार भोक पडलं तरच. व्हील त्यात नसतं.

आता हे वाक्य नीट वाचा. 'हवेतल्या मिठाने झालेलं नुकसान' वगळलंय. 'कोट नीट न बसल्यामुळे मीठ आत शिरलं' हे वगळलेलं नाही. कोट लावतातच मुळी मिठापासून वाचवायला. कंपन्या स्वतः व्हीलची सॉल्ट स्प्रे टेस्ट घेतात. 5 टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा, 35 अंश तापमान, शेकडो तास. मग मीठ ही त्यांच्यासाठी अचानक आलेली आपत्ती नाही, डिझाइनमध्ये धरलेली गोष्ट आहे. माझ्या मते ग्राहकाचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच आहे.

आणि एक. "तुम्ही बाहेर टायर बदलला, वॉरंटी गेली" हे ऐकलं तर एकदम गप्प बसू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे सीसीआयने, ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड लावला होता. मुख्य विषय स्पेअर पार्ट्सवरची मक्तेदारी. पण त्यात असंही सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. पुढे अपिलं झाली, प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. तरी तर्क साधा आहे: बाहेरच्या कामामुळेच हा बिघाड झाला, हे शोरूमने सांगावं आणि लेखी सांगावं.

कायदा कुठे साथ देतो, कुठे नाही

ग्राहक संरक्षण कायदा 2019, जुलै 2020 पासून लागू. यात 'दोष' या शब्दाची व्याख्या वॉरंटी बुकलेटपेक्षा मोठी आहे: कायद्याने किंवा करारानुसार, मग करार स्पष्ट असो वा गृहीत, जो दर्जा राखायला हवा त्यात कुठलीही कमतरता. त्यामुळे 'बुकलेटमध्ये नाही' म्हणजे 'हक्कच नाही' असं होत नाही. आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला, भरपाई द्यायला सांगू शकतो.

या कायद्यात 'प्रॉडक्ट लायबिलिटी' नावाचं नवं प्रकरण आहे आणि इंटरनेटवर लोक ते प्रत्येक तक्रारीत चिकटवतात. इथे ते चालत नाही. त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूला झालेलं नुकसान वगळलंय. कमी हवेमुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर गोष्ट वेगळी. फक्त व्हील खराब झालं असेल तर साधा 'सदोष वस्तू'चा मार्ग धरा.

मागणीही झेपेल तेवढी ठेवा. मारुती उद्योगच्या एका खटल्यात 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वॉरंटी सदोष पार्ट बदलण्याची असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. व्हील खराब आहे, व्हील मागा. आणि शोरूम व कंपनी दोघांनाही पार्टी करा. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या मॉडेलची, आधीच चाललेली गाडी दिल्याच्या प्रकरणात 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही, कारण डीलरने केलेली गोष्ट कंपनीला माहीत होती हे सिद्ध झालं नव्हतं. कोटिंगचा दोष कंपनीचा, तक्रार टोलवणं शोरूमचं. दोन्ही वेगवेगळं लिहा.

खरी अडचण पुराव्याची आहे. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या 6 महिन्यांत दिसलेला दोष डिलिव्हरीच्या वेळीच होता असं धरतात. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे व्हीलच्या तक्रारीही नेहमीच्या. आपल्याकडे असं गृहीतक नाही. उत्पादनातला दोष ग्राहकाने दाखवायचा, आणि तज्ज्ञाचा रिपोर्ट नाही म्हणून गाड्यांच्या कितीतरी तक्रारी आपटतात. कलम 38 मध्ये आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो, पण लॅबची फी आधी ग्राहकाला भरायला लावू शकतो. चार व्हील्सच्या भांडणात हा खर्च परवडेल का, हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा. मला ही रचना अन्याय्य वाटते. कोटिंगच्या टेस्टचा सगळा डेटा कंपनीकडे असतो आणि सिद्ध करायचं मालवणच्या मामाने.

फोन कामाला लावा

सॉफ्टवेअरमध्ये बग रिपोर्ट लिहिताना आम्ही तारीख, व्हर्जन आणि तो परत कसा घडवायचा हे विचारतो. इथेही तेच. पहिला डाग दिसला त्या दिवशी फोटो, मग दर महिन्याला त्याच अंतरावरून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. चारही व्हील्स, पुढून आणि मागून. व्हीलच्या मागे साइज, उत्पादकाचा शिक्का आणि बऱ्याचदा बनवल्याची तारीख ओतलेली असते, तीही. हवा जात असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुड्यांचा व्हिडिओ काढा. टीपीएमएस असेल तर रोजच्या प्रेशरचे स्क्रीनशॉट.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून पडते. म्हणून ओरिजिनल फाइल फोनमध्ये जपा, पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या सर्टिफिकेटमध्ये फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. एक पिक्सेल बदलला तरी ठसा बदलतो. ग्राहक आयोगात कामकाज कोर्टापेक्षा सैल चालतं, पण एडिट न केलेली फाइल हातात असलेली बरी.

आणि काहीही झालं तरी तक्रारीचा निकाल लागेपर्यंत व्हील घासून पावडर कोटिंग करून घेऊ नका. पुरावाच पुसला जाईल. हवा जात असेल तर तात्पुरती स्टेपनी लावा आणि खराब व्हील घरी ठेवा. स्टेपनी छोट्या साइजची असेल तर तिच्यावरची स्पीडची मर्यादा पाळा.

शोरूममध्ये तोंडी बोलण्याला किंमत नाही. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या, नकार ईमेलवर मागा, कंपनीच्या कस्टमर केअरलाही कॉपी. मामाने "कुठल्या चाचणीवरून टायरचा दोष ठरवला?" एवढाच प्रश्न ईमेलने विचारला, तेव्हा आठ दिवसांत कंपनीचा एरिया मॅनेजर गाडी बघायला आला. निर्णय अजून यायचाय.

इथून पुढे 1915, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन. ती निकाल देत नाही, पण तुमची तक्रार कंपनीच्या योग्य टेबलावर पोचवते. त्याने नाही झालं तर जिल्हा आयोग. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन तक्रार दाखल करता येते, आणि शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं. 50 लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात. हा आकडा भरपाईच्या मागणीचा नाही, खरेदीला मोजलेल्या पैशांचा. 5 लाखांपर्यंत फी नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये, 10 ते 20 लाखांना 400. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे, त्यामुळे वॉरंटी संपली म्हणजे दार बंद झालं असं नाही. कायद्यात निकाल 3 महिन्यांत, लॅब टेस्ट असेल तर 5 महिन्यांत अपेक्षित आहे. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट वेळ धरून चाला.

नवी गाडी घेणार असाल आणि घर समुद्राजवळ असेल, तर बुकिंगच्या आधी एक ईमेल टाका: "या व्हेरिएंटच्या अलॉय व्हीलच्या कोटिंगला वॉरंटी किती, आणि किनारपट्टीवर ती लागू आहे का?" उत्तर आलं तर जपून ठेवा. आलंच नाही, तर स्टील रिमवालं व्हेरिएंट एकदा बघून घ्या.