पेंड कोंबडीला, प्रथिने कुणाला?


वनस्पतिजन्य मांस हे श्रीमंतांचे फॅड असून शेतकऱ्याला त्यातून काही मिळणार नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत. किमतीबद्दलची तक्रार रास्त आहे; बाकीचे पटत नाही. अभिनेते रितेश व जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ ही वनस्पतिजन्य मांसाची कंपनी सुरू केली. असे मांस सोयाबीनच्या प्रथिनांपासून करता येते आणि रितेश यांच्या लातूर जिल्ह्याचे मुख्य पीकच सोयाबीन. त्याच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने! आपण मात्र तेल काढून घेतो आणि उरलेली पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पुण्याच्या आघारकर संस्थेने सोयाबीनचे ‘एमएसीएस’ वाण दिले. आमच्या मांजरीत उसासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी आहे. सोयाबीनच्या खाद्यप्रक्रियेलाही तेवढेच पाठबळ हवे. शेतकरी कंपन्यांना सोयावडीचे कारखाने काढण्यासाठी सरकारने भांडवल द्यावे.

– एक वाचक, मांजरी, पुणे