आधी कट-ऑफ, मग स्टॅबिलायझर!



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढल्या की घरातला डीप फ्रीझर कामाला लागतो. बंदीआधी घेऊन ठेवलेली सुंगटं, बांगडे, इसवण त्यातच असतात आणि पावसाळाभर बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांची कमाई त्यावरच चालते. नेमक्या याच दिवसांत लायट सगळ्यात जास्त नाचवते. कुठे माड तारेवर पडतो, कुठे खाऱ्या वाऱ्यानं गंजलेला जोड सुटतो. दहा मिनिटांत चार वेळा लायट येते-जाते आणि कॉम्प्रेसर बसतो. दुरुस्तीचा खर्च वेगळा, आतला माल गेला तो वेगळा.

मग दुकानात जाऊन आपण एकच सांगतो, 'एक स्टॅबिलायझर दे.' आमचं मत असं की बहुतेक घरांना आधी स्टॅबिलायझर नको, ऑटोमॅटिक व्होल्टेज प्रोटेक्टर हवा. आपण ज्याला कट-ऑफ म्हणतो तोच.

दोघांतला फरक समजून घ्या. स्टॅबिलायझर कमी आलेलं व्होल्टेज वाढवून देतो, जास्त आलेलं कमी करतो. कट-ऑफ काहीच सुधारत नाही. तो नुसता राखण करतो. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की लाईन तोडतो, ठीक झालं की थोडा वेळ थांबून परत जोडतो.

हे थांबणंच फ्रीझरला वाचवतं. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी लायट आली तर मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू पाहते, अडकते आणि नुसता करंट ओढून तापते. म्हणून कमीत कमी ३ मिनिटांचा, म्हणजे १८० सेकंदांचा डिले असलेलाच कट-ऑफ घ्या. चांगल्या स्टॅबिलायझरमध्येही कट-ऑफ आणि डिले असतो, पण स्वस्तातल्यात असेलच असं नाही. विचारून घ्या.

दुसरा धोका न्यूट्रलचा. घरात येतात २३० व्होल्ट, पण खांबावर दोन फेजांमध्ये असतात ४००. न्यूट्रल तुटली की काही घरांत दिवे मिणमिणतात आणि शेजारच्याच घरात व्होल्टेज ३०० च्या वर चढतं. टीव्ही, फ्रीज, बल्ब एकदम जातात. 'आमच्याकडे एमसीबी आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी पडते जास्त करंटवर, व्होल्टेजवर नाही. आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवते, ती हवीच, पण वस्तू वाचवणं तिचं काम नव्हे. सर्ज प्रोटेक्टर क्षणभराच्या उसळीसाठी असतो. चढलेलं व्होल्टेज टिकून राहिलं तर तो स्वतःच जळतो. तिथे कट-ऑफच लागतो. विजा चमकत असतील तेव्हा मात्र कशावरच विसंबू नका, वादळ येण्याआधीच प्लग काढून ठेवा.

निवडताना एवढं बघा. एका फ्रीझरसाठी १६ अँपिअरचा प्लगवाला पुरतो. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खातो, तो ६ अँपिअरच्या प्रोटेक्टरवर लावू नका. सगळ्या घरासाठी बसवायचा तर मेन स्विचनंतर बसतो आणि तुमच्या मेन एमसीबीच्या अँपिअरपेक्षा कमीचा नको. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या. व्होल्टेजचा आकडा दाखवणारा आणि हद्द बदलता येणारा घ्या. साधारण खाली १८० आणि वर २६० ठेवा, पण आधी फ्रीझरच्या पाठीवरची पट्टी वाचा. बऱ्याच नव्या इन्व्हर्टर फ्रीजवर स्टॅबिलायझरची गरज नाही असं लिहिलेलं असतं. तिथे तो घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कोणी म्हणेल, कट-ऑफ लाईन तोडून बसला तर मासळी कुसेल. बरोबर शंका आहे. पण भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. तासभर बंद राहिलेला फ्रीझर परत चालू होतो, जळलेला कॉम्प्रेसर होत नाही.

मग स्टॅबिलायझर कोणाला हवा? ज्यांच्याकडे रोज संध्याकाळी आकडा १८० च्या खाली जातो त्यांना. आणि इथेच खरी गोष्ट सांगायची आहे. फ्रीझरला २३० व्होल्टवर २ अँपिअर लागत असतील, तर १७० व्होल्टवरून तेवढीच वीज पुरवायला स्टॅबिलायझर तारेतून २.७ अँपिअरहून जास्त ओढतो. वाड्यावर वीस घरांनी स्टॅबिलायझर लावले की तारेवरचा भार वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं आणि ज्याच्याकडे स्टॅबिलायझर नाही त्याची मोटर जळते. एकट्यानं सुटायचं म्हणून केलेला उपाय शेजाऱ्याच्या मुळावर येतो.

म्हणून कमी व्होल्टेज हे दुकानात सुटणारं दुखणं नाही. ते ट्रान्सफॉर्मरचं आणि तारांचं दुखणं आहे, आणि ते दुरुस्त करणं पुरवठा करणाऱ्याचं काम आहे. कट-ऑफवरचा आकडा आठ दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ८ वाजता वहीत लिहा. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या घरांनी मिळून सहीनिशी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर वीज कायदा, २००३ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. सेवा ठरलेल्या दर्जाची नसेल तर भरपाईची तरतूद २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत आहे. तोंडी सांगून, फोन करून काही उरत नाही. कागद उरतो.

रापण एकट्यानं ओढता येत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कट-ऑफ प्रत्येकानं आपापल्या घरी बसवा, तक्रार मात्र सगळ्यांनी मिळून करा. आणि वही आजच रात्री ८ वाजता सुरू करा.