टेंभी नाका, १९३६ : शिंकेचे वैद्यक कोणी शिकवायचे?

१.
ठाण्याबाहेरच्या माणसाला टेंभी नाका सांगायचा तर दोन खुणा पुरतात. एक, आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला दुर्गेश्वरीचा नवरात्रोत्सव. दुसरी, सिव्हिल हॉस्पिटल. कागदोपत्री विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय, स्थापना १९३६. त्या रुग्णालयाच्या जुन्या जागेवर आता ९०० खाटांचे अतिविशेषोपचार रुग्णालय उभारले जात आहे. आजचा धागा त्या ९०० खाटांमध्ये एका खोलीची मागणी करण्यासाठी आहे.

२.
ही खोली नाक-कान-घशाच्या ॲलर्जीची. तेथे रुग्ण तपासले जावेत आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे डॉक्टर शिकावेत. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नाही. त्यामुळे कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. एखादे ज्ञान कोणाच्या हाती राहिले, कोणी शिकवले आणि कोणी शिकवायचे टाळले, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे.

३.
प्रथम शब्द पाहू. मराठीत आपण ॲलर्जीला सहज ‘वावडे’ म्हणतो. परंतु वावडे पाहुण्यांचेही असते, शिस्तीचेही असते. ‘मला धुळीचे वावडे आहे’ असे म्हणणाऱ्या बाईकडे घरात नाजूकपणाचे नखरे करणारी म्हणून पाहिले जाते. रोगाला आवडीनिवडीचा शब्द चिकटला की रुग्ण संकोचतो आणि वैद्यही तक्रार हसण्यावारी नेतो.

४.
शिंकांची नोंद आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ रोग मोजले आहेत. त्यांत ‘क्षवथु’ म्हणजे शिंकांचा विकार आणि ‘प्रतिश्याय’ आहेत. त्यावरून ‘ॲलर्जी आपल्या पूर्वजांना ठाऊक होती’ असे म्हणण्याचा मोह आवरावा. लक्षण नोंदवणे ही एक पायरी आहे, कारण ओळखणे ही दुसरी. या दोन पायऱ्यांमध्ये अनेक शतके गेली.

५.
दुसरी पायरी चढणारे पहिले लोक स्वतःच रुग्ण होते. १८१९ मध्ये जॉन बोस्टॉक या इंग्रज वैद्याने दर उन्हाळ्यात होणारा स्वतःचा डोळ्यांचा व छातीचा त्रास लंडनच्या वैद्यकसभेपुढे मांडला. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी परागकण स्वतःच्या नाकात ओढले, खरवडलेल्या त्वचेवर लावले आणि हवेत वर काय तरंगते हे पाहण्यासाठी चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उडवल्या. त्यांचा ग्रंथ १८७३ चा. आज दंडावर केल्या जाणाऱ्या ॲलर्जी चाचणीचे मूळ त्या खरवडलेल्या त्वचेत आहे.

६.
‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अल्प प्रमाणात टोचत मात्रा हळूहळू वाढवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन वर्षांत त्यांचे क्षयाने निधन झाले. काम सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले.

७.
येथे इतिहास गमतीदार होतो. परागात विष असते आणि टोचल्याने शरीरात त्याचा उतारा तयार होतो, अशी नून यांची समजूत होती. समजूत चुकीची निघाली. उपचार मात्र टिकला. पुढे त्याच्यावर शंभराहून अधिक वर्षे सुधारणा होत राहिल्या. ज्या उपचाराचे ‘का’ उमगण्याआधी ‘कसे’ हाती आले, तो पुस्तकातून पुरता शिकता येत नाही. मात्रा, वेळ, रुग्णाची त्या दिवशीची अवस्था हे सारे जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच कळते. या धाग्याचा गाभा हाच आहे.

८.
आता १९३६. टेंभी नाक्यावर रुग्णालय सुरू झाले त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुइस येथील फ्रेंच हॅन्सल या नाक-कान-घसा तज्ज्ञाचा नाक व सायनसच्या ॲलर्जीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी सतत चोंदलेले नाक म्हटले की शल्यवैद्याचा हात शस्त्राकडे जाई. नाकातील स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, इओसिनोफिल पेशी आढळतात का ते तपासावे आणि ॲलर्जीचा विचार करावा, यावर हॅन्सल यांचा भर होता.

९.
हे शिकवायचे कोणी? नाकाचे डॉक्टर शल्यवैद्य, ॲलर्जीचे डॉक्टर औषधवैद्य. नाक एकाचे, ॲलर्जी दुसऱ्याची. त्यामुळे १९४१ मध्ये अमेरिकेतील डोळ्यांच्या आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी ॲलर्जीसाठी स्वतःची संस्था काढली. पुढे तीच ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ ओटोलॅरिंगिक ॲलर्जी’ झाली. दोन विद्याशाखांच्या मधल्या बोळात पडलेला विषय व्यवसायातील माणसांनीच उचलून घेतला आणि एकमेकांना शिकवायला सुरुवात केली.

१०.
याचे उदात्तीकरण नको. त्या संस्थेमागे ज्ञानाची ओढ होती, तसा व्यवसायाचा हिशेबही होता. मात्रा ठरवण्याच्या त्यांच्या पद्धतीवरून इतर ॲलर्जीतज्ज्ञांशी त्यांचे अनेक दशके वाद झाले. परंतु वाद घालायलाही दोन्ही बाजूंना संस्था लागतात, नियतकालिके लागतात, एकमेकांची आकडेवारी तपासावी लागते. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर आपण अद्याप वादापर्यंतही पोहोचलेलो नाही.

११.
१९६० च्या दशकात चित्र पालटले. नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहॉर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्या धुळीतील खरा गुन्हेगार दाखवून दिला : डोळ्यांना न दिसणारी माइट. दशकाच्या उत्तरार्धात इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये आयजीई हे प्रतिपिंड शोधले. माइटला दमट हवा मानवते. खाडीकाठचे ठाणे, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती, कापसाच्या गाद्या आणि कपाटाच्या माथ्यावरची गोधडी एवढे सांगितले की उरलेले वाचकांनी आपल्याच घरात पाहावे.

१२.
महाराष्ट्राचे स्वतःचे प्रकरण पुण्याचे आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, १९५६ मध्ये पुण्यात नोंदवले गेले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सामान्यतः मानले जाते. रस्त्याकडेच्या या गवतामुळे माणसांच्या त्वचेवर उग्र दाह उठू लागला. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा त्यावरील शोधनिबंध १९७४ चा. त्याच गवताच्या परागांमुळे नाकाचा विकार होतो, हे बंगळुरूच्या अभ्यासातून १९९१ मध्ये पुढे आले. वनस्पती एक, त्वचेचा डॉक्टर, नाकाचा डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वेगवेगळ्या इमारतींत.

१३.
भारतात या विषयाची संस्थात्मक घडी बसवण्याचा प्रयत्न झाला. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये परागांवर आणि ॲलर्जीवर मोलाचे काम झाले. १९६६ मध्ये ‘इंडियन कॉलेज ऑफ ॲलर्जी अँड ॲप्लाइड इम्युनॉलॉजी’ स्थापन झाले. मात्र ही वाट मुख्यतः छातीच्या वैद्यकातून गेली. दमा गंभीर, म्हणून दम्याला पंक्तीत पाट मिळाला. शिंक ओसरीवरच राहिली.

१४.
हा पंक्तिभेद शास्त्राला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तयार झालेल्या २००१ च्या ‘एरिया’ अहवालाने स्पष्ट सांगितले की नाक आणि फुप्फुस ही एकाच श्वसनमार्गाची दोन टोके आहेत. नाकाची ॲलर्जी असणाऱ्याला दम्याचा धोका अधिक, म्हणून एकाचा विचार करताना दुसऱ्याचा करायलाच हवा. म्हणजे ओसरीवर बसवलेला पाहुणा घरातलाच निघाला.

१५.
तरुण डॉक्टरपुढची परिस्थिती पाहा. नाक-कान-घशाचे एम.एस. तीन वर्षांचे. त्यात कानाचा पडदा बसवणे, सायनसची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, घशाचा कर्करोग, श्वासनलिकेत अडकलेले शेंगदाणे. ॲलर्जी पाठ्यपुस्तकात असते, परीक्षेत असते. पण वर्षभर ॲलर्जीचेच रुग्ण पाहत, चुकत, सुधारत शिकण्याची सोय मोजक्या ठिकाणी. उरते ती आठवड्याअखेरची कार्यशाळा.

१६.
याची किंमत मी घरात पाहिली आहे. माझी आई दर सकाळी अंथरुणे काढताना वीस-पंचवीस शिंका देत असे. नाक मोकळे करणारे थेंब तिने कित्येक महिने घातले. ते थेंबच काही दिवसांनी नाक अधिक चोंदवतात हे तिला कोणी सांगितले नाही. मग एका प्रयोगशाळेने रक्त घेऊन अन्नपदार्थांची लांबलचक यादी हाती दिली. दूध, गहू, तूरडाळ, शेंगदाणे, वांगे : सारे बंद.

१७.
आठ महिने तिने ते पथ्य पाळले. वजन उतरले, शिंका होत्या तेवढ्याच. पुढे कळले की ती चाचणी आयजीजी प्रतिपिंडांची होती. हे प्रतिपिंड आपण ते अन्न खातो एवढेच बहुधा सुचवतात. अन्नाच्या ॲलर्जीसाठी अशी चाचणी करू नये, असे युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २००८ मध्येच लेखी सांगितले होते. ते वाक्य आमच्या गल्लीपर्यंत पोहोचवणारा दुवा नव्हता. प्रयोगशाळेची जाहिरात मात्र पोहोचली होती.

१८.
शेवटी भेटलेल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आधी पंधरा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. कधी, कुठे, काय करताना? मग मोजक्या अर्कांची त्वचाचाचणी केली. शेजारी एक मिठाच्या पाण्याचा थेंब आणि एक हिस्टामिनचा, तुलनेसाठी. माइट निघाली. गादीला घट्ट विणीची खोळ, चादरी गरम पाण्यात, आणि नाकातला फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला कसा मारायचा याचे प्रात्यक्षिक. ‘हे मी पदवीनंतर, स्वतःच्या खर्चाने शिकलो,’ असे ते सहज बोलून गेले. मी ते वाक्य विसरू शकले नाही. आईचे आठ महिने वाचणे एका माणसाच्या हौसेवर अवलंबून असावे काय?

१९.
दुसरा धोका याहून मोठा. ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ टोचायचा, म्हणजे विस्तवाशी व्यवहार. १९५७ पासून अशा इंजेक्शनांनंतर झालेल्या २६ मृत्यूंची नोंद देत ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८६ मध्ये कडक निर्बंध घातले : पुनरुज्जीवनाची साधने असतील तेथेच टोचावे आणि रुग्णाला दोन तास बसवून ठेवावे. पुढे हा अवधी कमी झाला. पण टोचून लगेच घरी पाठवायचे नाही आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवायचे, हे दोन नियम अढळ राहिले. नून यांच्या देशाने हा धडा जीव गमावून शिकला. तो आपण पुन्हा तसाच शिकण्याचे कारण नाही.

२०.
‘शिक्षण तर चालूच असते,’ असे उत्तर मिळेल. खरे आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुणांक मिळवावे लागतात. पण गुणांक हजेरीचे असतात, हाताच्या सवयीचे नसतात. शिवाय परिषदेचा मांडव अनेकदा औषधकंपनीचा असतो. ज्याचा माल, तोच गुरुजी : अशा शाळेत ‘ही चाचणी करू नका’ हा धडा कोण शिकवणार? म्हणूनच मला ही खोली सरकारी रुग्णालयात हवी आहे.

२१.
सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. क्षय, प्रसूती, सर्पदंश, रेल्वेचे अपघात सांभाळणाऱ्या जिल्हा रुग्णालयाने शिंकांसाठी खोली का द्यावी? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु या खोलीला महागडे यंत्र लागत नाही. लागतात प्रमाणित अर्क, शीतकपाट, ॲड्रेनॅलिन, नोंदवही आणि शिकवणारा माणूस. खासगी प्रयोगशाळेची यादी परवडत नसूनही पैसे भरणारा रुग्ण शहापूर-मुरबाडचाही असतो. चांगल्या शिक्षणाचा पहिला लाभ त्यालाच : नको त्या चाचण्या आणि नको ती पथ्ये टळतात.

२२.
तर मागणी नेमकी अशी. आठवड्यातून एक दिवस नाक-कान-घसा, छाती आणि त्वचा या तीन विभागांचा एकत्र ॲलर्जी बाह्यरुग्ण विभाग. कळव्यात १९९२ पासून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहेच. तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना येथे पाळीने काम. कल्याण-डोंबिवलीच्या खासगी डॉक्टरांना कंपनीचा मांडव नसलेले वर्ग. आणि ठाण्याच्या हवेतील पराग व बुरशीच्या बीजाणूंची नियमित नोंद. कारण परक्या शहराच्या यादीवरून आपल्या रुग्णाची चाचणी करणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवरून आपले लग्न ठरवणे.

२३.
१९३६ साली एक इमारत आणि एक ग्रंथ जगाच्या दोन टोकांना जन्मले. आता ती जुनी इमारत गेली आहे आणि नवी अजून पुरती भरलेली नाही. भिंतींना रंग लागण्यापूर्वी मागितलेली खोली मिळू शकते. विभागांच्या पाट्या लागल्यावर ती मागणाऱ्याला ‘जागा नाही’ हे उत्तर तयार असते.

२४.
धागा येथे संपवते. वैद्यकातील जाणकारांनी चुका निःसंकोच दाखवाव्यात, दुरुस्ती नोंदवीन. आणि आपल्या घरात सकाळी कोणी एकापाठोपाठ शिंकत असेल, तर ‘वावडे’ म्हणून सोडून देऊ नका. कधी, कुठे आणि काय करताना, एवढे तीन प्रश्न आधी विचारून पाहा.