रस्त्यावरची भिंत कोणाची?

गेल्या वर्षी कन्नड विभागातील एका मित्राने गावातल्या रंगवलेल्या भिंतीचा फोटो काढून मुखपृष्ठासाठी दिला. "चित्रकाराला विचारलंस का रे?" असे सरांनी म्हणताच आम्ही हसलो. रस्त्यावरची भिंत, येणारा-जाणारा पाहतो. तिला परवानगी कसली? पुढे कायदा उघडून पाहिला आणि हसू मावळले.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यातील कलम ५२ इमारतींच्या बाबतीत उदार आहे. इमारतीचे चित्र काढावे, फोटो छापावा, वास्तुशिल्पज्ञाची हरकत चालत नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्यालाही तीच सवलत. (किल्ल्यातील कमलबस्तीवर तर आठशे वर्षांनंतर कोण हक्क सांगणार? तेथे कॅमेऱ्याची तिपाई लावायला परवानगी लागते, पण तो नियम पुरातत्त्व खात्याचा.)

भित्तिचित्र मात्र 'चित्र' ठरते, आणि चित्र या सवलतीत बसत नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याचा किंवा वारसांचा. स्वतःपुरता फोटो काढायला हरकत नाही. छापायचा म्हटले की अडचण. गंमत अशी की, तीच भिंत चित्रपटात दाखवायला याच कलमाने मुभा दिली आहे! म्हणजे सिनेमावाल्याने तिच्यापुढे नायिका नाचवावी, आणि आम्ही मासिकात तिचा फोटो छापू नये. हा भेद कोणत्या तर्काने केला, मला तरी उमगत नाही.

भिंत पुतळ्याच्या पंगतीत बसवावी, असे माझे मत आहे. यावर कोणी म्हणेल, उन्हात शिडीवर उभे राहून ज्याने भिंत रंगवली त्याचे काय? दुकानदार त्या चित्राची कॅलेंडरे छापून विकील आणि चित्रकाराला दमडी मिळणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. म्हणून विक्रीच्या मालाला परवानगी हवीच. पण वर्तमानपत्र, मासिक, पुस्तक यांना मुभा असावी आणि नाव छापण्याची सक्ती असावी. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावरील 'श्रमाचा विजय' या शिल्पाचे फोटो आपण पाहिलेले असतात; ते देवीप्रसाद रायचौधुरींचे, हे कितीजणांना ठाऊक असते?

मित्राने अखेर त्या चित्रकाराला शोधून काढले. पैसे त्याने मागितले नाहीत. नाव मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत छापा आणि अंकाची एक प्रत घरी पाठवा, एवढेच म्हणाला.