महिनाभर सुटते, पुढे का नाही?

एरवी दारूच्या नादी लागलेली अनेक माणसेही रमजानचा चाँद दिसला की बाटली दूर ठेवतात. श्रावणात तेच घडते. गटारी उरकली की महिनाभर घर शांत असते. कुणी माळ घालतो. पण ईद झाली, श्रावण सरला की पुष्कळांची पावले पुन्हा गुत्त्याकडे वळतात. त्यांची श्रद्धा खोटी नसते. व्यसन हा आजार आहे. त्या महिन्यात सारा मोहल्ला, सारी आळी सोबत असते. पुढे माणूस एकटा पडतो.

त्याची किंमत लेकरे मोजतात. आई २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली कोर्टात जाते. बाप उपचाराला गेलाच, तर वेगळ्याच दारी. मुलाचा प्रश्न २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल कल्याण समितीपुढे जातो. बालगृह हा शेवटचा पर्याय, असे तोच कायदा सांगतो. पण बाप सुधारतो आहे की नाही, हे समितीला कोण कळवणार? घर एक, फाइली तीन.

लंडनमध्ये २००८ साली यावर वेगळे कोर्ट सुरू झाले. तिथे मूल आणि पालकाचे व्यसन यांचा विचार एकत्र होतो. पालक दर पंधरवड्याला त्याच न्यायाधीशापुढे येतो. वकिलांशिवाय, थेट बोलणे होते. सोबत डॉक्टर व समाजसेवकांचे पथक असते. ब्रुनेल विद्यापीठाच्या अभ्यासात, नेहमीच्या कोर्टापेक्षा इथल्या अधिक आया व्यसनातून बाहेर पडल्या आणि अधिक मुले आईकडे राहिली.

‘दारुड्याचे लाड कशाला?’ असे कुणी विचारील. लाड नाहीतच. मुलाची सुरक्षितता आधी. पालकाला संधी मिळते ती मुदतीची. ती वाया घालवली तर मुलाची सोय दुसरीकडे होते.

परभणीत नवे कोर्ट उभारण्याची वाट पाहायला नको. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ नुसार न्यायाधीशाला डॉक्टर आणि समाजसेवी संस्थांची मदत घेता येते. व्यसनग्रस्तांना कायदेशीर मदत देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना २०१५ पासून आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून रुग्णाबरोबर घरच्यांनाही सोबत घेऊन काम करते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने बाल कल्याण समिती, जिल्हा रुग्णालय आणि न्यायालय यांना पंधरा दिवसांतून एकदा एका टेबलाशी बसवले, तरी सुरुवात होईल.

उरलेले काम समाजाचे. रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते; म्हणून रोज्याच्या किंवा माळेच्या निश्चयाला डॉक्टरची जोड हवी. जकात काढताना अशा घरातल्या गरजू लेकरांची आठवण ठेवावी. आणि ईदनंतरच्या पहिल्या जुम्म्याला, श्रावण सरल्यावरच्या पहिल्या एकादशीला, त्या माणसाच्या दारी कुणीतरी जावे. सोबतीची खरी गरज तेव्हाच असते.