स्कॉटलंडचा पेच आणि गोव्याचा कौल

२०१५ साली ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीने जिंकल्या, तेव्हा १७०७ साली बांधली गेलेली इंग्लंड-स्कॉटलंडची गाठ आता सुटणार, असे भाकीत अनेकांनी केले. २०२४ साली त्याच पक्षाच्या वाट्याला ५७ पैकी अवघ्या ९ जागा आल्या आणि हा प्रश्न निकालात निघाला, असे तितक्याच घाईने सांगण्यात आले. दोन्ही अनुमानांच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. फुटून निघण्याची भाषा बोलणाऱ्या पक्षाला पडलेले मत म्हणजे फुटून निघण्यासाठी पडलेले मत, हे ते गृहीतक होय. ते किती ठिसूळ आहे हे पाहण्यासाठी एडिंबरोला जाण्याचे कारण नाही; पणजीपर्यंत गेले तरी पुरे.

गोवा मुक्त झाल्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा अशी उघड भूमिका घेऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष रिंगणात उतरला, सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. खुद्द गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. विलीनीकरणाचा निर्णय जनतेने दिलाच आहे, आता अंमलबजावणी तेवढी उरली, असे महाराष्ट्रातील नेत्यांना व वृत्तपत्रांना वाटले तर त्यात नवल नव्हते. युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचे सहकारी मात्र या एका प्रश्नावर स्वतंत्र कौल घ्यावा, असा आग्रह धरून बसले. अखेर संसदेने १९६६ साली तसा कायदा केला. कौल निःपक्ष वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे दोन चिन्हे ठेवण्यात आली: विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१.

याहून बोलकी गोष्ट पुढेच घडली. अवघ्या दहा आठवड्यांनी, मार्चअखेरीस, विधानसभेची निवडणूक झाली आणि ज्या पक्षाचा मुख्य कार्यक्रम मतदारांनी नाकारला होता त्याच पक्षाला त्यांनी पुन्हा सत्तेवर बसवले. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. यात मतदारांचा गोंधळ मुळीच नव्हता. गोव्यातील कुळे, मुंडकार व एकूण बहुजन समाज यांच्या दृष्टीने मगो पक्ष हे प्रथमतः भाटकारांच्या वर्चस्वाविरुद्ध उभे राहण्याचे साधन होते. शाळा, जमीन व प्रतिष्ठा मिळवून देणारा तो पक्ष होता. विलीनीकरण ही त्याची घोषणा होती, पण त्याच्यावरील विश्वासाचे ते एकमेव कारण नव्हते. विलीनीकरणाविरुद्धची मोहीमही काही मराठीच्या द्वेषावर उभी नव्हती. तिचे एक प्रमुख मुखपत्र ‘राष्ट्रमत’ हे मराठीच दैनिक होते आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदरही मराठीतच लिहिले जात असे. ही गोष्ट आपल्याकडे आजही फारशी सांगितली जात नाही.

आता स्कॉटलंडकडे पाहावे. २०११ साली तेथील १२९ जागांच्या पार्लमेंटात राष्ट्रवादी पक्षाने ६९ जागा मिळवून बहुमत संपादन केले. पुढच्या वर्षी लंडनच्या सरकारशी करार झाला आणि १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत झाले. ५५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘नाही’ म्हटले. त्यानंतर आठ महिने पुरे होण्याच्या आत त्याच मतदारांनी त्या पक्षाला ५६ जागा दिल्या. लंडनच्या दरबारात आपले गाऱ्हाणे जोराने मांडणारा प्रतिनिधी हवा, पण घर मोडायला नको, अशी ही दुहेरी वृत्ती आहे. ती जितकी स्कॉटिश आहे तितकीच गोमंतकीयही आहे.

किंबहुना ती कोणत्याही मतदाराची आहे. कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघातील मतदार विधानसभेसाठी मत देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पाणी असते, जुन्या इमारतींचा पुनर्विकास असतो, स्थानकावरची गर्दी असते, उमेदवाराची ओळख असते. उद्या कोणी त्याचे ते मत वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे किंवा विरुद्धचे म्हणून मोजू लागला, तर तो चकितच होईल. कोपरीहून फार दूर नसलेल्या कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांची कथाही पाहण्यासारखी आहे. १९८३ साली ही गावे महापालिकेत आली, २००२ साली वगळली गेली, २०१५ साली पुन्हा घेतली गेली; २०२० साली त्यांतील १८ गावे वेगळी काढण्याचा शासनाचा निर्णय उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरवला. या उलाढालीत निवडणुका झाल्या, बहिष्काराची भाषा झाली, हरकती-सूचनांचे सोपस्कार झाले. गावकऱ्यांपुढे एकच प्रश्न ठेवून मतदान मात्र घेतले गेले नाही, आणि म्हणून कोणीही उठून गावांच्या वतीने बोलू शकतो.

पक्षाचा विजय हा प्रश्नाचा विजय कधीच नसतो काय? तसेही नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत मिळवलेल्या यशाचा अर्थ लावायला सार्वमताची गरज पडली नाही. कम्युनिस्टांपासून प्रजासमाजवाद्यांपर्यंत एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे पक्ष त्या एकाच मागणीसाठी एकत्र आले होते. दुसरा समान कार्यक्रम त्यांच्यापाशी नव्हताच. १ मे १९६० त्या मतांतून आला. पण असे प्रसंग विरळा.

संघराज्याच्या भवितव्याची चिंता वाहणाऱ्यांनी म्हणूनच राष्ट्रवादी पक्षाच्या जागा मोजणे सोडून द्यावे. प्रश्न वेगळा विचारला जातो की नाही आणि उत्तर मिळाल्यावर जिंकलेली बाजू कशी वागते, हे पाहावे. गोव्यात कौलानंतर विलीनीकरणाचा विषय मागे पडत गेला, १९८७ साली कोंकणी राजभाषा झाली आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. ‘वेगळे राहा’ या उत्तराला कालांतराने मान मिळाला. स्कॉटलंडचे तसे झाले नाही. २०१६ साली तेथील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला, तरी ब्रिटनसह त्यांना बाहेर पडावे लागले. ज्या संयुक्त राज्यात राहण्याचे त्यांनी २०१४ मध्ये मान्य केले होते, त्याचे रूपच पालटले. २०२२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनच्या संमतीवाचून नवे सार्वमत घेता येणार नाही, असा निर्णय दिला. तो कायद्याला धरून असेल. पण २०२४ साली पक्षाचे पानिपत झाले त्या काळातही स्वातंत्र्याला अनुकूल लोकांचे प्रमाण जनमत चाचण्यांत अर्ध्याच्या आसपासच होते, हे लंडनने विसरू नये.

हे आपण विसरू नये, कारण आपल्या दाराशी बेळगाव आहे. गोव्याचा कौल झाला त्याच १९६७ साली महाजन आयोगाने बेळगाव शहर तत्कालीन म्हैसूर राज्याकडेच राहावे, अशी शिफारस केली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार सीमाभागातून वारंवार निवडून गेले. नकाशा जागचा हलला नाही. २०१८ व २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, तेव्हा मराठी माणसाची मागणीच संपली, असा अर्थ काढणारे पुढे सरसावले. जे विजयातून प्रश्न सुटल्याचे मानत नव्हते, ते पराभवातून तो संपल्याचे मानतात, हा न्याय अजब आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. गोव्यासाठी त्याच संसदेने कायदा करून मतदाराला विचारले होते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मतदाराला तसे कोणी विचारलेले नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या दाव्याच्या तारखा तो मोजतो आहे.