प्रश्न विचारा, धमक्या नकोत
भातलावणीच्या दिवसांत आमच्या तळकोकणातल्या आरोग्य केंद्रात घोणस चावलेला माणूस येतो, तेव्हा मी सलाइनमधून त्याला जे प्रतिविष देते, ते घोड्याच्या रक्तातून आलेलं असतं. विषाचे अगदी अल्प डोस टोचून घोड्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार करवतात. त्या मुक्या जिवाला त्रास होतोच. तो कमीत कमी व्हावा म्हणून १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, संस्थांत नैतिकता समित्या आहेत. त्यांची तपासणी कडकच हवी. पण ऑक्सफर्डचे शास्त्रज्ञ कॉलिन ब्लेकमोर यांना प्राण्यांवरील संशोधनासाठी कुटुंबासह वर्षानुवर्षं धमक्या सोसाव्या लागल्या. हा निषेध नव्हे, गुन्हा आहे. प्रयोगशाळेला जाब जरूर विचारा. शास्त्रज्ञाच्या घरावर मात्र चालून जाऊ नका.